सौंदर्याचा मुकुट आणि शाळकरी वय

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत पेठ गांवचे एक पालक एक छापील कागद घेऊन माझ्याकडे आले. राज्यपातळीवरील 'टीन' सौंदर्यस्पर्धेचें तें निमंत्रण होतें. त्यांची कन्या दहावींत शिकते. मुलीला हौस, आईला भीति, आणि प्रवेशशुल्काचा आंकडा तर शेतांतल्या नागलीच्या अंगावर येणारा! "सर, काय करावें?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्या वेळीं मीं दिलेलें उत्तर तुटक होतें. असे कागद आतां इतरही घरीं येऊं लागले असतील, म्हणून तें उत्तर येथें विस्तारानें मांडतों.

इंग्रजींत तेरापासून एकोणीसपर्यंतच्या अंकांच्या नांवांअखेर 'टीन' हा उच्चार येतो. त्यावरून त्या वयाच्या मुलामुलींस हें नांव पडलें. म्हणजे ही स्पर्धा आपल्या हायस्कुलाच्याच वर्गांची होय. तिचा उगम मोठा मौजेचा आहे. १९२१ सालीं अमेरिकेंतील अटलांटिक सिटी या समुद्रकांठच्या गांवीं, उन्हाळा सरला तरी प्रवाशांनीं मुक्काम हलवूं नये, हॉटेलें रिकामीं पडूं नयेत, म्हणून तेथील व्यापाऱ्यांनीं हा खटाटोप मांडला. पहिला मुकुट मिळाला मार्गारेट गॉर्मन हिला. वय अवघें १६, हायस्कुलांतली मुलगी! खोल्यांचें भाडें हें या मुकुटाचें मूळ होय, सौंदर्याची उपासना नव्हे. आणि तें मूळ अद्याप सुटलें आहे असें मला वाटत नाहीं. पुढें १९८३ सालीं अमेरिकेंतच 'मिस टीन यू. एस. ए.' ही निराळी स्पर्धा निघाली. तींत एकेका राज्याची विजयी कुमारी उतरते. शाळकरी वयाच्या मुलींना पोहण्याच्या पोषाखांत परीक्षकांपुढें चालावयास लावण्याची तेथील रीत २०१६ सालीं बंद झाली. इतका काळ ती कोणास खटकूं नये, याचें नवल वाटतें.

आपल्या देशांत १९४७ सालीं 'मिस इंडिया' ठरलेल्या प्रमिला, मूळच्या एस्तेर व्हिक्टोरिया अब्राहम, तीस वर्षांच्या होत्या आणि चित्रपटांत त्यांचें नांव झालेलें होतें. पांचच वर्षांनीं, १९५२ सालीं, तो मुकुट एका मराठी मुलीच्या मस्तकीं आला. ती मुलगी म्हणजे नूतन समर्थ. जन्म १९३६ चा. तेव्हां वय किती, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

नूतनच्या गोष्टीपाशीं मला थोडें थांबावयाचें आहे. लहानपणीं तिला लोक किडकिडीत व रूपहीन म्हणत. त्याच मुलीला थोड्या वर्षांत सबंध देशाची सुंदरी ठरविण्यांत आलें! मुलगी तीच, बदलले ते पाहणारांचे डोळे. १९५१ सालीं तिचा 'नगीना' हा चित्रपट निघाला. तो केवळ प्रौढांसाठीं असल्यामुळें, वय भरत नाहीं म्हणून तिला स्वतःचाच चित्रपट पाहण्यास दारावर अडविलें, असें सांगतात. जें पडद्यावर दाखविण्यास तिचें वय चाललें, तें पाहण्यास चाललें नाहीं. पुढें 'सीमा', 'सुजाता', 'बंदिनी' यांतील तिच्या अभिनयानें लोक हेलावले. 'सुजाता'मधील अस्पृश्य कन्या तर साध्या लुगड्यांत, भडक रंगभूषेवांचून उभी आहे. उत्कृष्ट अभिनेत्रीचें फिल्मफेअर पारितोषिक तिनें पांच वेळां मिळविलें. १९५२ चा मुकुट आज कितीजणांच्या स्मरणांत आहे?

दुसरें उदाहरण मुंबईंत जन्मलेल्या, गोव्याच्या कुळांतील रीटा फारिया यांचें. वैद्यकाचें शिक्षण चालूं असतां १९६६ सालीं लंडन येथें त्या 'मिस वर्ल्ड' झाल्या. हा मान मिळविणारी पहिली भारतीय स्त्री त्याच. वर्षभर करारानें बांधलेलीं कामें केलीं, चित्रपटांचीं बोलावणीं नाकारलीं, आणि त्या पुन्हा पुस्तकांकडे वळून डॉक्टर झाल्या. परंतु हें लक्षांत ठेवावें कीं, त्या वेळीं त्यांचें वय २३ होतें. नको म्हणण्याचें बळ त्या वयांत येतें. तें चौदाव्या वर्षीं कोठून यावें?

आतां दुसरी बाजू. अशा स्पर्धेनें मुलींना धीटपणा येतो, चारचौघांत बोलतां येतें, असें पालक म्हणतात. तें खोटें नव्हे. २०२२ सालीं झारखंडच्या रिया तिर्की या आदिवासी तरुणीनें 'मिस इंडिया' स्पर्धेंत आपल्या राज्याचें प्रतिनिधित्व केलें, हें वाचून मलाही आनंद झाला. सांवळ्या वर्णाला आणि डोंगरांतल्या चेहऱ्याला त्या व्यासपीठावर जागा मिळाली, ही लहान गोष्ट नाहीं. पण ती स्पर्धा सज्ञान तरुणींची होती.

मला चिंता विजयी मुलीची नसून हरलेल्यांची आहे. मुकुट एकीलाच, बाकीच्या सगळ्या घरीं काय घेऊन जातात? गणितांत चुकलें तर चूक दाखवितां येते, ती सुधारतां येते. चेहऱ्यांत काय चुकलें, हें कोण सांगणार? (आपल्याकडे बोहाड्याच्या रात्रीं मुखवटा नाचतो, आंतला चेहरा कोणाचा व कसा, हें कोणी विचारीत नाहीं. मला ही रीत शहाणपणाची वाटते.) हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत आपल्या डोंगरांतलीच. २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत १०,००० मीटर धांवण्यांत तिनें कांस्यपदक व त्याच वर्षीं ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेंत रौप्यपदक मिळविलें. घड्याळानें तिचा रंग पाहिला नाहीं. त्या शर्यतींत मागें पडलेल्या मुलींनाही आपण किती सेकंदांनीं मागें राहिलों, हें कळलें. उद्यां पहांटे उठून काय करावें, हेंही कळलें.

त्या पालकांना मीं सांगितलें कीं, अठरा वर्षें पुरीं होईपर्यंत थांबा. मग जावें कीं न जावें, हें तिचें तिलाच ठरवूं द्या. मुलगी दोन दिवस माझ्याशीं बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं वक्तृत्वाच्या स्पर्धेला नांव घालावयास आली, आणि जातांना तो कागद माझ्या हातीं देऊन म्हणाली, "सर, हा जपून ठेवा हं." तो माझ्या टेबलाच्या खणांत आहे. तिला अठरावें वर्ष सरलें कीं परत द्यावयाचा, असें आमचें ठरलें आहे.