दिवे लागतात आणि आपण निघतो

गेल्या उन्हाळ्यात सचिनमधील आम्ही तीन कुटुंबे, आजीबाईंपासून बालवर्गापर्यंत, एका मोठ्या क्रीडोद्यानात गेलो होतो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. घरचे डबे दाराशीच ठेवावे लागले. पाळणे, घसरगुंड्या, पाण्याचे खेळ, सारे उत्तम. परंतु सायंकाळी उपाहारगृहात शिरलो, तो तेथे फरशी पुसणे चालले होते. उरले होते ते थंड समोसे आणि वेफर्सच्या पुड्या. आजीबाई मधुमेही; त्यांना वेळेवर खावयास हवे. तेव्हा मुलांची रडारड सोशीत आम्ही बाहेर पडलो. मागे वळून पाहिले, तर उद्यानभर रंगीत दिवे उजळू लागले होते. ज्यासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकले, ते नेमके तेव्हा सुरू होत होते.

अशा वेळी आपल्या डुमसची आठवण होते. १९४८ साली विलीन झालेल्या सचिन संस्थानातले हे गाव. तेथे ना पाळण्यांचा डौल, ना शुभ्र वाळू. वाळू तर काळीच. पण ऊन उतरले की कढया तापतात, चटणी लावलेल्या टोमॅटोच्या चकत्या पिठात बुडतात, आणि घरी जाण्याची भाषा कोणी काढीत नाही.

कॅलिफोर्नियात तर याहून नवल घडले. १९३४ साली, मंदीच्या दिवसांत, कॉर्डेलिया नॉट या शेतकरी गृहिणीने आपल्या लग्नातील चिनी मातीच्या ताटांतून कोंबडीचे जेवण वाढावयास आरंभ केला. पुढे रांगा इतक्या लांबल्या की, ताटकळणाऱ्यांच्या करमणुकीसाठी पतीने १९४० मध्ये जुन्या वसाहतीचा देखावा उभारावयास घेतला. त्यातूनच ‘नॉट्स बेरी फार्म’ हे विख्यात उद्यान झाले. आधी ताट, मग पाळणा!

आपल्याकडील चालक मात्र दुपारच्या अडलेल्या गिऱ्हाइकावर संतुष्ट दिसतात. सहानंतर गरम खिचडी-कढी, पाठ टेकावयास खुर्ची, आणि म्हाताऱ्यांच्या पथ्याच्या डब्याला मुभा, एवढ्याने कित्येक कुटुंबे दोन तास अधिक रेंगाळतील. हिवाळ्यात तापीकाठी पोंक मिळतो. आपला हुरडाच तो, लिंबू-मिऱ्याच्या शेवेसह. त्याची एखादी भट्टी उद्यानात का पेटू नये?

दिवाळीच्या सुटीत पुन्हा जावयाचे म्हणून मुलांनी हट्ट धरला आहे. आजीबाईंची हरकत नाही. मात्र तेथे सहानंतर काय मिळते, ते आधी विचारून या, असे त्यांनी बजावले आहे.