किल्ली आणि खातेवही

पॅलेस्टिनी निर्वासितांविषयी एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा ऐकू येतो, आणि तो करणाऱ्यांत आपल्याकडील सुशिक्षित मंडळीही असतात. फाळणीत सर्वस्व गमावलेला सिंधी समाज कल्याणच्या लष्करी छावणीत उतरला आणि त्याने तेथे उल्हासनगर उभे केले. मग पॅलेस्टिनींनीच जुन्या घरांच्या किल्ल्या उराशी धरून का बसावे?

सिंधी बांधवांच्या कर्तबगारीविषयी दुमत नाही. परंतु त्यांना या देशात नागरिकत्व मिळाले, मत मिळाले, आणि मागे सोडलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवून १९५४ च्या कायद्याने भरपाईची तरतूदही झाली. ती तुटपुंजी होती, दिरंगाईची होती. पण दावा मान्य झाला होता.

पॅलेस्टिनींचे काय झाले? १९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक माणसे घरादाराला मुकली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला राष्ट्रसंघाने ठराव क्रमांक १९४ संमत केला: परतू इच्छिणाऱ्यांस परतू द्यावे, इतरांस मालमत्तेची भरपाई द्यावी. इस्राएलने १९५० मध्ये ‘अनुपस्थितां’च्या मालमत्तेचा कायदा करून त्या जमिनी सरकारी अभिरक्षकाच्या हाती दिल्या. जे देशातच राहिले, पण युद्धकाळात गावाबाहेर होते, तेही कायद्याने अनुपस्थित ठरले. हजर असून गैरहजर! राष्ट्रसंघाच्या समझोता आयोगाने १९६४ पर्यंत अरब मालकीच्या जमिनींची सुमारे साडेचार लाख नोंदपत्रके तयार केली. ती दप्तरात पडून राहिली.

म्हणजे हिशेब लिहिला गेला आहे, फक्त चुकता झालेला नाही. ‘विसरा’ या उपदेशाचा अर्थशास्त्रीय अर्थ कर्जमाफी हाच होतो, आणि माफी मागणारा धनको नसून ऋणको आहे.

शिवाय ही माणसे बसून राहिली, हे धादांत खोटे आहे. तंबूंच्या जागी त्यांनी पक्क्या खोल्या बांधल्या, छावणीतील शाळांतून शिक्षक आणि अभियंते घडवले. लेबनॉनने मात्र अनेक व्यवसाय त्यांना बंद ठेवले आणि २००१ पासून घर विकत घेण्याचा हक्कही नाकारला. तेथील ऐन अल-हिल्वे छावणीतील मोहल्ल्यांना सफ्फुरिया, लुबिया अशी उद्ध्वस्त गावांची नावे आहेत. तेथे घर बांधणे आणि गाव आठवणे ही दोन निराळी कामे नव्हतीच.

ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धात गाझाची सुमारे नव्वद टक्के लोकसंख्या पुन्हा विस्थापित झाली. त्यांतील बहुसंख्य मूळच्या निर्वासित कुटुंबांतीलच. वर्षभराने इस्राएली संसदेने राष्ट्रसंघाच्या निर्वासित-साहाय्य संस्थेवर बंदीचे कायदे केले. याच संस्थेच्या दप्तरात, शिधा आणि शाळांच्या हिशेबाबरोबर, प्रत्येक नोंदणीकृत कुटुंबाचे मूळ गाव लिहिलेले आहे.