रिकाम्या शेडचे मोल

पावसाची झड लागली की आपल्या जिल्ह्यातील कोंबडीपालकास चिंता पडते ती शेडमधील भाताच्या तुसाची. हे तूस ओले झाले की विष्ठा कुजू लागते, अमोनियाच्या वाफेने डोळे झोंबतात, आणि ई. कोलाय, साल्मोनेला यांसारख्या जंतूंचे फावते. उपाय कोणास ठाऊक नाही असे नव्हे. पक्षी विकले गेले की जुने तूस समूळ काढावे, जमीन धुवावी, चुना फासावा, पाण्याच्या नळ्या साफ कराव्यात आणि शेड सुमारे दोन आठवडे रिकामे व कोरडे ठेवावे.

परंतु येथील पुष्कळसे पालन कराराने चालते. पिले, खाद्य व औषधे कंपनीची. शेड, वीज आणि राबणूक शेतकऱ्याची. मोबदला तयार पक्ष्यांच्या वजनावर. रिकाम्या दिवसांचे पैसे कोण देणार? मग ते दिवस आखडतात आणि झाडूचे काम औषधाच्या बाटलीवर सोपविले जाते. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी अखेरीस वापरावयाचे प्रतिजैविक. ते कोंबड्यांना देण्यावर २०१९ साली केंद्र सरकारला बंदी घालावी लागली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. औषधांना न जुमानणारे जंतू शेडच्या दारापाशी थांबत नाहीत. शाकाहारी वाचकांनीही निश्चिंत राहू नये. कोंबडीखत द्राक्षबागांत आणि भाजीच्या मळ्यांतही पडते.

शेतकऱ्यास स्वच्छतेची व्याख्याने पुष्कळ झाली. आता करारपत्रातच त्या दोन आठवड्यांचे भाडे लिहिले जावे, आणि पशुसंवर्धन खात्याने नवी पिले उतरण्यापूर्वी शेडची तपासणी करावी, अशी आमची मागणी आहे. त्यापायी कोंबडी किलोमागे थोडी महागली, तर तो भार आपण शहरवासीयांनी सोसला पाहिजे.