खर्जाच्या बाजूने

कलावंताने साधनाविषयी बोलू नये, बोललाच तर थोडे ओशाळून बोलावे, अशी एक समजूत आपल्या साहित्यव्यवहारात घट्ट रुजलेली आहे. कवीने अनुभूतीविषयी बोलावे, प्रतिभेविषयी बोलावे; कागदाविषयी आणि शाईविषयी बोलणे ही कारागिरी. ही समजूत निरुपद्रवी आहे असे आम्हांला पूर्वी वाटत असे. आता वाटत नाही. त्याला निमित्त झाला आमचा एक माजी विद्यार्थी. मराठी घेऊन तो बी.ए. झाला आणि आज लग्नाच्या स्वागतसमारंभांत, हॉटेलांत, महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत बेस गिटार वाजवून पोट भरतो.

त्याला आम्ही आमच्या अभ्यासमंडळात बोलायला बोलावले. तो तासभर बोलला, आणि तो तास तारा, अ‍ॅम्प्लिफायर, वायरी आणि सभागृहांच्या भिंती यांतच गेला. आमचे ज्येष्ठ सहकारी सौजन्याने ऐकत होते. चहाच्या वेळी मात्र सर्वांचा सूर एकच निघाला: हे सगळे ठीक, पण हा संगीताविषयी कधी बोलणार? हे दुकानदाराचे बोलणे झाले, असेही कुणी म्हणाले. आमचे म्हणणे असे, की त्या तासाभरात त्याने संगीताखेरीज दुसऱ्या कशाविषयीही अवाक्षर काढले नाही. आणि ज्याला आपण समीक्षा म्हणतो, ती त्याच्या बोलण्यात आमच्या बहुतेक चर्चासत्रांहून अधिक होती.

तो काय म्हणाला ते पाहावे. नवशिका बेसवादक घरी एकटा सरावाला बसतो तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरवरचे मधल्या पट्टीचे बटन उतरवतो आणि खालचे-वरचे चढवतो. आवाज भरदार होतो, चकचकीत होतो, खोली दणाणते. गडी स्वतःवर खूश होतो. हाच आवाज घेऊन तो मेळात उभा राहतो आणि नाहीसा होतो. कारण खालची जागा ड्रमच्या मोठ्या ढोलाने घेतलेली असते आणि वरची झांजांनी. बेसचा सूर मेळातून ओळखू येतो तो प्रामुख्याने मधल्या पट्टीमुळे, आणि नेमकी तीच त्याने काढून टाकलेली असते. मग तो आवाज वाढवतो. सूर तरीही सापडत नाही, फक्त सगळ्या गाण्याचा चिखल होतो. मुरलेला वादक याच्या उलट करतो. एकट्याने ऐकला तर काहीसा नाकातला, कोरडा, ओबडधोबड वाटणारा आवाज तो जाणूनबुजून पत्करतो. कारण बाकीचे पाच-सहा जण वाजवू लागले की तोच स्पष्ट ऐकू येणार आहे, हे त्याने अनेक रात्री फजिती करून घेऊन शिकलेले असते.

घटकाचे सौंदर्य घटकात नसते, रचनेत त्याला मिळालेल्या जागेत असते, हे वाक्य आम्ही वर्गात वर्षानुवर्षे उच्चारत आलो आहोत. आणि कवितेतून चार ओळी तोडून त्यांचे रसग्रहण करा, हा प्रश्नही आम्हीच काढत आलो आहोत.

बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. हवेत त्या ध्वनिलहरीची लांबी ८ मीटरांहून अधिक भरते. कित्येक मंगल कार्यालयांचे व्यासपीठ तेवढे रुंद नसते. एवढी मोठी लहर भिंतींवरून परतते, स्वतःलाच भेटते, आणि एका जागी फुगून उठते तर चार पावलांवर जवळजवळ विरून जाते. त्यातून माणसाचा कान खालच्या सुरांना मुळातच मंद. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवले. म्हणून कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा आवाज विनाकारण घुमतो, म्हणून बेसवादकाला शेजारच्या गिटारवादकाहून कितीतरी अधिक वॅट लागतात. आणि म्हणूनच आमचा विद्यार्थी कार्यक्रमाआधी लांबलचक वायर लावून, गिटार गळ्यात अडकवून, वाजवत वाजवत सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत चालत जातो. आपल्याला व्यासपीठावर जे ऐकू येते त्यावर त्याचा विश्वास नाही. आपल्या लेखनाच्या बाबतीत एवढे अंतर चालून जाणारे समीक्षक आम्ही फारसे पाहिलेले नाहीत. (आरशातही नाही.)

आता प्रश्न असा, की हेच बोलणे एखाद्या ख्यालगायकाने केले असते तर? मैफलीआधी तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढेमागे सरकवत जवारी मोकळी करण्याचा तो विधी श्रोते भक्तिभावाने पाहतात. मिरजेच्या कारागिराने घोडी कशी घासली याच्या गोष्टी सांगितल्या जातात. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१मध्ये अंशतः उठेपर्यंत तीन दशके गेली. तो सारा वाद एका साधनाला आपल्या संगीतातील मींड आणि श्रुती पेलतात की नाही, याभोवतीच फिरत होता. त्याला कुणी दुकानदारी म्हटले नाही. तेव्हा साधनाची चर्चा आपल्याला वर्ज्य नाहीच. विजेवर चालणाऱ्या साधनाची, आणि तीही लग्नात वाजवून बिदागी घेणाऱ्या माणसाने केलेली, तेवढी आपल्याला सोसत नाही.

यावर एक वचन नेहमी पुढे केले जाते: सूर बोटांत असतो, वाद्यात नसतो. ते खुद्द बेसवादकांतही लोकप्रिय आहे, आणि त्यासाठी हमखास दाखला दिला जातो जेम्स जेमर्सनचा. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातील असंख्य गाण्यांखाली जो बेस आहे, त्यातला बराचसा या माणसाचा. तो उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजवत असे. त्याच्याकडे १९६२चे एक फेंडर प्रिसिजन होते आणि तुटल्याखेरीज तो त्याच्या तारा बदलत नसे. बघा, म्हणतात, एक बोट आणि जुनाट तारा. साधन म्हणजे काहीच नाही!

आम्ही म्हणतो, जरा नीट बघा. त्या तारा चपट्या वेढ्याच्या, जाडजूड होत्या. घोडीजवळच्या धातूच्या झाकणाखाली तारांना टेकणारा फोमचा तुकडा होता. तारा पटापासून इतक्या उंच होत्या की इतरांना ते वाद्य वाजवणे जड जाई; जेमर्सन मुळात उभ्या डबल बेसवर शिकलेला, त्याच्या हाताला तीच उंची मानवत होती. जुन्या तारेचे वरचे स्वरांश मेलेले असतात, फोम तिचे रेंगाळणे आखडते. सूर उमटतो, गोल होतो आणि लगेच बाजूला होतो. म्हणूनच त्याला दोन ठोक्यांच्या मध्ये इतक्या बारीक, आडवळणी जागा घेता आल्या आणि गायकाचा शब्दही झाकला गेला नाही. तारांवर साचलेल्या मळातच त्या सुराचा जीव आहे, असे तो मानत असे म्हणतात. तारा न बदलणे हे साधनाविषयीचे औदासीन्य नव्हे. ते साधनाविषयीचे मत आहे, आणि चांगले आग्रही मत आहे.

त्याच काळात इंग्लंडमध्ये ‘द हू’ या मेळातला जॉन एन्टव्हिसल नेमका उलटा आग्रह धरून बसला होता. १९६६ साली रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीबरोबर खटपट करून त्याने गोल वेढ्याच्या, पियानोसारख्या खणखणणाऱ्या तारा करवून घेतल्या. त्याच्या मेळात वाद्ये तीनच: गिटार, ड्रम आणि बेस. वरची जागा मोकळी होती, ती भरणे त्याचे काम होते. जेमर्सनच्या भोवती गिटारी, पियानो, तंतुवाद्ये, फुंकवाद्ये आणि गायकांचा ताफा. दोघांची मते एकमेकांना छेद देतात आणि दोन्ही बरोबर आहेत. ‘सूर बोटांत असतो’ या वचनाने यातले काहीही समजत नाही.

लेलंड स्क्लार या अमेरिकी बेसवादकाची गोष्ट तर आमच्याविरुद्ध वापरता येईल अशीच आहे, म्हणून ती आम्हीच सांगतो. त्याच्या बेसवर एक बटन आहे. ते कशालाही जोडलेले नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी निर्मात्याने वेगळा आवाज मागितला की स्क्लार त्याला दिसेल अशा रीतीने ते बटन दाबतो, हाताची जागा किंचित बदलतो, आणि निर्माता समाधान पावतो. ठरले तर मग, साधन ही निव्वळ फसवणूक! पण त्याच बेसला स्क्लारने मेंडोलिनला लावतात तसले बारीक पडदे बसवून घेतले आहेत, कारण त्याला हवा तो सूर त्यातून मिळतो असे त्याचे मत आहे. खोटे बटन डोळ्यांनी ऐकणाऱ्यासाठी. बारीक पडदे स्वतःसाठी. या गोष्टीतला फसलेला माणूस वादक नाही, याकडे आमच्या सहकाऱ्यांनी लक्ष द्यावे.

साधनाच्या मूर्तिपूजकांचे वकीलपत्र आम्ही घेतलेले नाही. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला तो मेळाच्या गोंगाटात ऐकू न येणाऱ्या आणि गाडीत न मावणाऱ्या डबल बेसला पर्याय म्हणून. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो म्हणून त्याचे नाव प्रिसिजन. ती कामाची वस्तू होती. आज तिची जुनी प्रत काचेच्या कपाटात ठेवून लाकडाच्या वासाविषयी बोलणारा संग्राहक आणि ‘प्रतिभा, प्रतिभा’ करणारा आमचा सहकारी, दोघेही वाद्य मेळाबाहेर काढूनच पाहतात.

या भांडणाच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. मोटाउनच्या आवरणांवर वादकांची नावे छापत नसत. जेमर्सनचे नाव छापले गेले ते १९७१ साली, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर. तोवर तो दशकभर वाजवत आला होता. १९७२ साली कंपनी लॉस एंजेलिसला निघून गेली. १९८३मध्ये तिच्या पंचवीस वर्षांचा मोठा सोहळा झाला, तेव्हा तो तिकीट काढून प्रेक्षकांत बसला होता असे सांगतात. त्याच वर्षी त्याचा तो बेस चोरीला गेला, आणि ऑगस्टमध्ये तोही गेला. साथीच्या वादकांसाठीचा सन्मान त्याला २००० साली मिळाला. ज्याचे नाव आवरणावर येत नाही, त्याच्यापाशी आपल्या कलेविषयी बोलायला कोणते शब्द उरतात? अनुभूती, आत्माविष्कार, दर्शन हे शब्द आवरणावरच्या माणसासाठी राखून ठेवलेले आहेत. खर्ज धरणाऱ्याच्या वाट्याला येतात तारा, पडदे, फोम, स्पीकर. त्या शब्दांत तो पूर्ण विचार करतो, आणि आपण त्याला विचारतो, संगीताविषयी कधी बोलणार?

आमच्या विद्यार्थ्याचा पुढचा कार्यक्रम येत्या शनिवारी आहे. रात्री आठला सुरू होईल, पण आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दुपारी साडेचारलाच यावे अशी विनंती आहे. तेव्हा सभागृह रिकामे असते. शेवटच्या रांगेत बसावे; तो वायर ओढत तिथपर्यंत येईल, आणि ऐकू येते का, असे विचारील.