डोंगर दंड मोजत नाही, दिवस मोजतो



सध्या पोस्टिंग दिल्लीत, मुक्काम मुनिरका. बेनितो हुआरेझ मार्गावरचं इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनचं कार्यालय इथून जवळ, त्यामुळे हिमालयात निघालेली आपल्याकडची पोरं जाता-येता माझ्याकडे एखादी रात्र टेकतात. त्यांच्या सॅकमध्ये हल्ली प्रोटीन पावडरचा डबा, एनर्जी जेलची पाकिटं आणि 'उंचीचा सराव' देणारा मास्क असतो. नसतात ते फक्त दिवस.

गेल्या महिन्यात आमच्या जिल्ह्यातला एक पोरगा आला. दंड असे की शर्टाची बाही फाटेल. रजा दहा दिवस. विमानानं लेह, दुसऱ्या दिवशी कूच आणि आठव्या दिवशी सहा हजार मीटरवरचं शिखर. म्हणतो, "दादा, दोन वर्षं जिम केलीय. मला नाही त्रास होणार."

मला राग येतो तो ह्याच वाक्याचा. दिल्ली समुद्रसपाटीपासून सुमारे २१५ मीटर, लेह ३५०० मीटर. विमान हे अंतर सव्वा तासात कापतं, रक्त आणि फुप्फुसं कापत नाहीत. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब खालच्या निम्म्यावर येतो. तिथे छाती किती इंच आहे हे कोणी विचारत नाही. उलट दणकट गड्यालाच धोका जास्त, कारण तो भराभर चढतो आणि डोकेदुखी अंगावर काढतो.

फौजेनं हा धडा महाग किमतीत घेतला. १९६२ मध्ये मैदानातले जवान घाईघाईत उंचीवर चढवले गेले. ते सगळे तरुण आणि कसलेले होते, तरी कित्येकांच्या फुप्फुसांत पाणी झालं. फौजी डॉक्टर इंदरसिंग आणि सहकाऱ्यांनी १९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ मध्ये तो जगापुढे मांडला. आजही आमचा नियम सोपा आहे: ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, १५ हजारांपर्यंत आणखी चार, त्यावर पुन्हा चार. पहिले दोन दिवस तर आरामच. सुभेदार असो की कर्नल, सूट कोणालाच नाही. मग सूट तुम्हाला कोणी दिली?

आता मास्क. तो श्वास अडवतो, हवेतला ऑक्सिजनचा दाब कमी करत नाही. छातीचे स्नायू थोडे कसले जातील, उंचीची सवय होणार नाही. तेवढ्या पैशांत लेहमध्ये दोन रात्री जास्त राहा.

पावडर विष आहे असं मी म्हणत नाही. पण डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे पोटात जात असतील तर डब्यावाचून काही अडत नाही. उंचीवर खरा प्रश्न वेगळाच येतो: भूकच मरते. तेव्हा घशाखाली उतरेल ते अन्न कामाचं. तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये पिष्टमय पदार्थ चरबीपेक्षा जास्त ताकद देतात. म्हणून मऊ भात, गूळ, खजूर, चिक्की, सातूचं पीठ. मेतकूट सोबत ठेवा, तोंडाला चव येते. जे घरी चढणीवर खाऊन पाहिलं नाही, ते वर पहिल्यांदा खाऊ नका.

आणि रक्त तपासा. ऑक्सिजन वाहतं ते हिमोग्लोबिन. ते कमी असेल, तर ते मोहिमेच्या आठवड्यात नाही, तीन-चार महिने आधी कळायला हवं. बहिणींनो, हे तुम्हाला विशेष सांगतो. बाजरी, कडधान्यं, पालेभाजी खा, वर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह शोषू देत नाही. हे फौजी माणसाला सांगणं कठीण, तरी सांगतो.

सराव पायांचा करा. सह्याद्रीत असाल तर पाठीवर वजन घेऊन राजगड-तोरणा. कळसूबाई १६४६ मीटरच. तिथे उंचीची सवय होत नाही, पण गुडघे तयार होतात. दिल्लीत हिवाळ्यात बाहेर धावू नका, धूर पिऊ नका. मुनिरका गावातल्या चार-पाच मजली इमारतींचे अरुंद जिने आहेतच. सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरा आणि तासभर चढा-उतरा. उतरताना ओझं जपून, गुडघे तिथेच जातात.

"रजाच मिळत नाही" हे उत्तर मला मान्य आहे. मग शिखर छोटं निवडा. दहा दिवसांत सहा हजारी शिखर आणि गावात सत्काराचा बॅनर, ही घाई तुमच्या एकट्याच्या जिवावर बेतत नाही. तुम्हाला पाठीवर घेऊन उतरणारा शेर्पा आणि खराब हवेत हेलिकॉप्टर उडवणारा पायलट, त्यांनाही घरी पोरं असतात.

त्या पोराला मी तिकीट बदलायला लावलं. चिडून गेला. आता सप्टेंबरमध्ये जातोय, अठरा दिवसांची रजा घेऊन. तुमच्या ओळखीत कोणी निघालं असेल, तर त्याचे दंड पाहू नका. तारखा विचारा.

जय हिंद.