अडकित्त्यात सापडलेला वारसा

एखादा माणूस दोन्हीकडून कोंडीत सापडला की त्याची गत अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली, असे आपण सहज म्हणून जातो. पण ज्या घरात हे बोलले जाते, त्या घरात आज अडकित्ता निघेल का? शोधून पाहावा. शब्द जिभेवर राहिला आहे, वस्तू मात्र घरातून गेली. ती कुठे गेली, याचे एक उत्तर मला काही वर्षांपूर्वी कुही तालुक्यात मिळाले.

वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ साली झाले. पुढे त्याच्या बुडीत क्षेत्रात भंडारा जिल्ह्यातल्या गावांबरोबर कुही तालुक्यातलीही गावे गेली. अशाच एका गावात घरे उतरवण्याचे काम चालू होते. एका बाजूला कौले रचलेली, दुसऱ्या बाजूला सागवानी चौकटी, आणि मधोमध भंगारवाल्याचा तराजू. त्याच्या ढिगात फुटक्या बादलीखाली एक पितळी अडकित्ता दिसला. दोन्ही दांड्यांच्या टोकांना मोराच्या माना होत्या. वर्षानुवर्षे हाताळून मोराचे डोळे पुसट झाले होते. जुने अडकित्ते जमवण्याचा मला नाद आहे. मी तो वजनाच्या भावात विकत घेतला. ओट्यावर बसलेली म्हातारी म्हणाली, "न्या जी, माह्या सासूचा हाय. आता सुपारी कोन फोडते?"

मी खूश होऊन घरी आलो. त्या सासूचे नाव काय, अडकित्ता तिने माहेरून आणला होता की मांढळच्या बाजारात घेतला होता, कोणी घडवला होता, यातले काहीच मी विचारले नाही. आज ते गाव पाण्याखाली आहे आणि म्हातारीचा ठावठिकाणा मला ठाऊक नाही. माझ्या कपाटात मोर आहे, त्याची गोष्ट नाही. हा लेख त्या चुकीतून आला आहे.

अडकित्ता ही साधी वस्तू वाटते, पण तिच्यामागे मोठी बुद्धी आहे. चाकूने सुपारी कापायला जावे तर ती घसरते आणि बोट कापते. म्हणून दोन दांडे एका टोकाला खिळीने जोडले. वरच्याला पाते, खालच्याला बैठक, आणि सुपारी खिळीच्या जवळ. दांडा जितका लांब, तितका जोर कमी. पितळ देखणे असते, ओतून हवा तो आकार घेते, पण धार धरत नाही. म्हणून अंग पितळेचे आणि पाते पोलादाचे. एवढी सोय झाल्यावर कारागिराच्या हाताला मोकळीक मिळाली ती मुठीत. कुठे मोर, कुठे पोपट, कुठे घोडा, तर कुठे एकमेकांना बिलगलेले जोडपे. गरिबाघरचा अडकित्ता निव्वळ लोखंडी, पण त्याच्याही दांड्याच्या टोकाला लोहाराने एक वळण दिलेले असतेच.

आणि लोखंड हे या भागाचे जुने धन आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नैकुंडला महापाषाणयुगीन वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. कुही तालुक्यातल्याच मांढळने वाकाटकांचे ताम्रपट दिले, अडमच्या उत्खननाने प्राचीन नगर उजेडात आणले. दोन हजार वर्षांपूर्वीचा खापराचा तुकडा आपण जपून ठेवतो, ते योग्यच आहे. पण आजीच्या हातातला अडकित्ता आपण किलोवर विकतो. जुने होण्यासाठी वस्तूने आधी जमिनीत गाडून घ्यावे, अशी आपली अट आहे काय?

ही अट एका माणसाने मानली नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास दिवे, दौती, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी अशा घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली. अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि १९७५ साली वीस हजारांच्या घरातला तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. तिथली अडकित्त्यांची दालने पाहताना कळते की राजाच्या तलवारीइतकीच कारागिरी पानाच्या तबकातही होती.

फ्रान्समधल्या लागिओल या लहानशा गावाचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथला खिशातला घडीचा चाकू त्याच्या बाकदार मुठीवरून आणि पाठीवरच्या माशीच्या खुणेवरून ओळखला जातो. मध्यंतरी त्याचे उत्पादन जवळजवळ सगळे दुसऱ्या शहरात गेले होते. १९८७ साली गावात पुन्हा कारखाना उभा राहिला. जुन्या चाकूंची ओढ असणारे लोक होते, म्हणून नव्याला गिऱ्हाईक मिळाले. छंदाने असा एखादा धंदाही जागा होऊ शकतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सुपारी कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच जाहीर केले. ज्या विदर्भात खर्ऱ्याने तरुण पोरांची तोंडे उघडेनाशी झाली, तिथे अडकित्त्याचे गोडवे कशाला? माझे उत्तर सरळ आहे. मला सुपारी परत आणायची नाही. तलवार जपणारा लढाई मागत नसतो. उलट, अडकित्ता कातरून देई ती पाहुण्याच्या हातावर ठेवायची चार खांडे. त्यात बसणे होते, बोलणे होते, वेळ होता. खर्ऱ्याच्या पन्नीत यातले काहीच नाही. हा फरक पोरांना वस्तू दाखवूनच सांगता येईल.

मात्र आम्हा संग्राहकांनीही स्वतःला चार प्रश्न विचारले पाहिजेत. अडचणीत सापडलेल्या माणसाकडून वजनाच्या भावात घेतलेली वस्तू आपण 'वाचवली' असे म्हणताना जीभ थोडी अडखळावी. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी नेऊ देत नाही, पण ती भट्टीत वितळण्यापासून कोणताही कायदा अडवत नाही. ते काम घरच्यांचेच.

म्हणून विनंती इतकीच. घरातला अडकित्ता आम्हाला विकू नका. चिंचेने घासून लख्ख करू नका, त्यावरची झीज हीच त्याची सही आहे. पात्याला तेलाचे बोट लावा आणि एका कागदावर चार ओळी लिहून सोबत ठेवा: कोणाचा, कुठून आला, कोणी घडवला, कोण वापरत असे. कुहीच्या एखाद्या शाळेने गुरुजींच्या देखरेखीखाली मुलांकडून अशी वही लिहून घेतली, तर नागपूरच्या अजब बंगल्यातही नसेल असा संग्रह वर्षभरात तयार होईल, आणि वस्तू ज्याच्या त्याच्या घरीच राहतील.

आणि हे आज करावे. सांगणारी आजी ओट्यावर बसलेली आहे, तोवर.