सौ.ची किरकोळ शस्त्रक्रिया

दर दिवाळीला आमचे काका सगळ्या नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना एक पत्र पाठवतात. टाइप केलेले, दोन पानी, वर गणपतीचे चित्र. वर्षभरात काय काय झाले त्याचा वृत्तान्त त्यात असतो. सुरुवात ठरलेली: "आम्ही उभयतां येथे कुशल आहोत." मग छंद, मग प्रवास, मग प्रकृती. २०२५ च्या दिवाळीचे पत्र मला नेहमीसारखे मिळाले. त्यात काकांच्या अँजिओप्लास्टीवर एक मोठा परिच्छेद होता, किती टक्के ब्लॉक होता, डॉक्टर काय म्हणाले, कोणकोण भेटायला आले, सगळे. त्याखाली एक ओळ होती: "सौ.चीही सप्टेंबरात एक किरकोळ शस्त्रक्रिया झाली."

त्या ओळीसाठी हा लेख लिहिते आहे. काकूंना विचारून लिहिते आहे. आधी म्हणाल्या, नाव घाल खुशाल. दोन दिवसांनी फोन करून म्हणाल्या, नको घालूस. म्हणून नावे नाहीत.

हे काका-काकू माझ्या नात्यातले नव्हेत. एम.एस.डब्ल्यू. करताना मी दोन वर्षे त्यांच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून राहत होते. काकांची सगळी नोकरी आरे कॉलनीत गेली. संसार तिथल्याच क्वार्टरमध्ये झाला, तिन्ही बाळंतपणांनंतर काकू त्याच दोन खोल्यांत परतल्या. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटली आणि ते गोरेगाव पूर्वेला राहायला आले. पण आरे काही सुटले नाही. काका आजही रोज पहाटे आरेतच फिरायला जातात. मीही पुढे आरेतल्या पाड्यांवर कामाला लागले, त्यामुळे आमचे येणेजाणे टिकले.

आता पत्रातले वर्ष आणि मला ठाऊक असलेले वर्ष शेजारी ठेवून पाहू.

छंद. काका शहात्तराव्या वर्षी बासरी शिकू लागले. पहाटेच्या फेरीत मोबाइलवर पक्ष्यांचे फोटो काढतात आणि ते खरोखर चांगले असतात. पत्रात लिहिले आहे, "सौ.ला असा विशेष छंद नाही, पण तिची लोणची प्रसिद्ध आहेत." वाचून मला हसू आले. पावसाळ्याच्या तोंडाला काकू आरेच्या रस्त्यावर बसणाऱ्या एका वारली आजींकडे शेवळे आणायला जातात. शेवळ्याला काकडे घातले नाहीत तर घसा खाजतो, ते किती आणि कधी घालायचे यावर या दोघींची अर्धा अर्धा तास चर्चा चालते. टाकळा, कुरडू, कंटोली, कोणती भाजी कुठल्या उतारावर आधी येते, हे क्वार्टरमधल्या इतक्या वर्षांत काकूंना तोंडपाठ झाले आहे. हेच ज्ञान एखाद्या पुरुषाकडे असते तर त्याला छंद म्हटले असते आणि मंडळात त्याचे व्याख्यानही ठेवले असते. बाईने केले की ते स्वयंपाकात जमा होते. वारली चित्रांचे नाही का तसेच झाले? लग्नाचा चौक भिंतीवर लिहायच्या त्या बायका. कागदावर येऊन ती 'कला' झाली, तेव्हा जगभर नाव झाले ते जिव्या सोमा म्हसे यांचे. त्यांची थोरवी मोठीच, २०११ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पाड्यांवरही आनंद झाला. पण भिंतीवर लिहिणाऱ्या बायकांची नावे कुणी लिहून ठेवली?

प्रवास. पत्रात तीन प्रवास आहेत: डिसेंबरात गुहागर, जानेवारीअखेर पुतणीच्या लग्नाला नागपूर, आणि ऑक्टोबरात आरे ते कफ परेड मेट्रो. तिन्ही ठिकाणी क्रियापद 'आम्ही गेलो' असे आहे. तिन्हींपैकी काकू एकाच प्रवासात होत्या.

नागपूरला त्या गेल्या नाहीत. पूर्वी रेल्वेत अठ्ठावन्न वर्षांवरच्या बाईला तिकिटात पन्नास टक्के सवलत होती, पुरुषाला साठीनंतर चाळीस टक्के. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली आणि हे लिहीपर्यंत परत मिळालेली नाही. दोन पूर्ण तिकिटे, आहेर, वर खर्च. काका म्हणाले, तू राहतेस का? काकू लगेच हो म्हणाल्या. का, ते पुढे येईल. मेट्रोचा प्रवास तर शस्त्रक्रियेनंतर चौथ्या आठवड्यातला. काकू अंथरुणावर होत्या. त्या 'आम्ही'त काकांची सकाळची फिरणारी मंडळी होती. (याच मेट्रोच्या कारशेडसाठी ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री आरेतली झाडे तोडली, तेव्हा याच मंडळींतले दोघे-तिघे रडले होते. माणूस दोन्ही करतो.)

गुहागरला मात्र दोघे गेले, एस.टी.ने. काका पंचाहत्तरी ओलांडलेले, त्यांना २०२२ पासून प्रवास मोफत. काकूंना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. या सवलतीने पाड्यांवरच्या किती म्हाताऱ्या माहेरी जाऊन आल्या ते मी पाहिले आहे, तिला नावे ठेवणार नाही. पण आठ-नऊ तासांच्या त्या प्रवासात काकू पाणी प्यायल्या नाहीत. आदल्या रात्रीपासूनच पाणी बंद. वाटेत गाडी थांबते तिथले संडास कसे असतात ते आपल्याला माहीत आहे. सार्वजनिक मुताऱ्यांसाठी मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी'ची मोहीम चालली. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'ने केलेल्या याचिकेवर २०१५ साली उच्च न्यायालयाने महापालिकांना आदेशही दिले. त्या लढ्यात आपल्यापैकी अनेकजणी होत्या. पण आपण तेव्हा बोलत होतो कामावर जाणाऱ्या, फेरी करणाऱ्या, पाळी चालू असलेल्या बाईबद्दल. सत्तरीतली बाई आपल्या फलकावर कुठे होती?

आता प्रकृती.

काकूंचे अंग बाहेर येत होते. गर्भाशय खाली सरकून योनीतून बाहेर डोकावते, त्याला आपल्याकडे 'अंग बाहेर येणे' म्हणतात, डॉक्टर प्रोलॅप्स म्हणतात. चौदा वर्षे. म्हणजे मी त्यांच्या घरात राहत होते तेव्हापासून. मागच्या तारेवर जुन्या सुती साडीच्या घड्या वाळत असत, त्या मला आठवतात. मला ती पुसायची फडकी वाटत. त्या काकू अंग वर ढकलून खाली बांधायच्या. दोन वर्षे एका छपराखाली राहून, 'स्त्रिया आणि आरोग्य' या विषयाचा पेपर देऊन, मी एकदाही विचारले नाही.

ओळखले ते शेवळेवाल्या आजींनी. काकू भाजी घेताना कधी उकिडव्या बसत नाहीत, कंबरेत वाकतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. आमच्या संस्थेने २०२५ च्या जानेवारीत पाड्यावर आरोग्य शिबिर घेतले. काकू मदतीला, म्हणजे चहा करायला आल्या. आजींची तपासणी झाली, त्यांचेही अंग येत होते. त्या बाहेर आल्या आणि सगळ्यांदेखत काकूंना म्हणाल्या, "बाय, तुझं पण येतंय ना? जा की आत. डाक्तरीण बाईच हाय." काकू गॅस बंद करून आत गेल्या.

डॉक्टरांनी सांगितले ते इथे मुद्दाम लिहिते, गटात वाचून दाखवायला उपयोगी पडेल. बरीच बाळंतपणे, बाळंतपणानंतर लगेच जड उचलणे, वर्षानुवर्षांचा खोकला किंवा बद्धकोष्ठ, आणि पाळी गेल्यानंतर सैल पडणारे स्नायू, ही याची मुख्य कारणे. बाईच्या वागण्याचा यात काही दोष नसतो. काकू चौदा वर्षे समजत होत्या की तिसऱ्या खेपेला आपण सव्वा महिना पाळला नाही त्याची ही शिक्षा. सुरुवातीच्या अवस्थेत, लघवी मध्येच थांबवताना जे स्नायू आवळतात त्यांचा रोज व्यायाम केला तर आराम पडतो. शस्त्रक्रिया नको असेल किंवा झेपणार नसेल तर आत रबराची रिंग बसवता येते, ती ठराविक काळाने काढून धुवावी लागते. आजींनी रिंग बसवून घेतली आणि पुढच्याच आठवड्यात टोपली घेऊन रस्त्यावर हजर. काकूंचा त्रास बराच पुढे गेलेला होता, त्यांना शस्त्रक्रिया सुचवली.

मार्चमध्ये करायचे ठरले. मार्चमध्येच काकांच्या छातीत दुखले आणि अँजिओप्लास्टी झाली. ते खरेच तातडीचे होते, त्याबद्दल तक्रार नाही. दोन्ही मुली धावत आल्या, मुलाने रजा काढली, फाइल झाली, गोळ्यांचा सात खणांचा डबा आला. काकू सकाळ-संध्याकाळ जेवणाचा डबा घेऊन इस्पितळाचे दोन मजले चढत होत्या. खाली बांधलेल्या घडीसकट. मे महिन्यात मुलीच्या मुलांची सुट्टी होती. जूनमध्ये सुनेची खात्याची परीक्षा. मग गणपती. शस्त्रक्रिया झाली ती अनंत चतुर्दशीनंतर.

पैशांचेही सांगते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. काकांचे कार्ड झाले. काकू एक्काहत्तर वर्षांच्या आहेत, पण आधार कार्डावर त्या अडुसष्टच्या आहेत आणि वाढदिवस एक जानेवारी. तुमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांची कार्डे काढून पाहा, एक जानेवारी किती निघतात ते. शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही, समोरच्या माणसाने अंदाजाने वर्ष घातले. त्या अंदाजापायी काकूंचा खर्च त्यांच्या पाटल्यांतून झाला.

काका वाईट नाहीत. उलट चांगले आहेत, म्हणूनच हे लिहावेसे वाटले. इस्पितळातून आल्यावर पहिले दहा दिवस सकाळचा चहा त्यांनी केला, कुकर लावायला शिकले. मी विचारले, 'किरकोळ' का लिहिलेत? ते गोरेमोरे झाले. म्हणाले, "अगं, पत्रात असलं कसं लिहायचं? जावई वाचतात, व्याही वाचतात." आणि थोडे थांबून, "मला तरी तिने कुठं सांगितलं होतं?" हेही खरेच. लग्नाला पन्नास वर्षे झालेल्या दोघांमध्ये हृदयाबद्दल बोलायला शब्द होते, याबद्दल नव्हते.

राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीच्या दोन गावांतला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. साडेसहाशे बायका तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. चळवळीत त्या आकड्यांवर आपली एक पिढी वाढली. त्यानंतर आपण बाळंतपणावर बोललो, गर्भलिंगनिदानावर बोललो. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची पाहणी झाली, ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या, त्यावरही बोललो. तिशी-पस्तिशीतल्या बाईची पिशवी कामाआड येते म्हणून काढून टाकायची घाई, आणि सत्तरीतल्या बाईची बाहेर लोंबली तरी कुणी पाहायचे नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत असे मला आता वाटत नाही. बाईच्या त्या अवयवाकडे लक्ष जाते ते त्याचा उपयोग किंवा अडचण असते तोवर.

आपल्याही लिखाणात म्हातारी बाई येते ती बहुधा सासू म्हणून. छळणारी, नाहीतर सुनेला साथ देणारी. तिचे स्वतःचे शरीर येत नाही. आमच्या संस्थेच्या शिबिराचा फॉर्म मीच केला होता. त्यात वयाचा शेवटचा रकाना '४५ व त्यापुढे' असा होता आणि पुढचे सगळे प्रश्न पाळीचे आणि गरोदरपणाचे. आजींनी तो फॉर्म वाचला असता तर त्या घरीच गेल्या असत्या. वाचता येत नव्हता म्हणून आत गेल्या. आता फॉर्म बदलला आहे. साठीपुढच्या प्रत्येकीला, एकटीला घेऊन, सरळ शब्दांत विचारायचे: अंग बाहेर येते का, खोकताना-हसताना लघवी होते का, कशामुळे बाहेर जाणे टाळता. 'काही त्रास आहे का' असे मोघम विचारले तर उत्तर 'नाही' असेच येते. आमचा तरी हाच अनुभव आहे.

२०२१ च्या सप्टेंबरात आरेत एका वयस्क बाईवर बिबट्या धावून आला आणि हातातल्या काठीने तिने त्याला परतवले. सीसीटीव्हीतले ते दृश्य देशभर पाहिले गेले. काकांच्या मंडळींत अजूनही निघते. काकूंना त्या बाईबद्दल एकच प्रश्न पडला होता: तिला काठी कशासाठी लागत होती, ते कुणी विचारले का?

काकांची पत्रे पाकिटात घालायचे आणि पत्ते लिहायचे काम दरवर्षी काकूंकडे असते. यंदा ते त्यांनी पलंगावर बसून केले. चिपळूणच्या धाकट्या बहिणीच्या प्रतीवर 'किरकोळ' या शब्दाखाली त्यांनी पेनाने रेघ ओढली आणि कडेला लिहिले, "किरकोळ नव्हती. दुपारी हे झोपले की फोन कर. तुलाही विचारायचं आहे."